कॅम्परसाठी प्रोपेन हीटर : सुटा की बाहेर धुराडे असलेला?

अमेरिकेत किंवा कॅनडात थंडीच्या दिवसांत छोटा कॅम्पर (आत झोपण्याची सोय असलेली गाडी) घेऊन निघायचे असेल, तर दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे प्रोपेन वायूच्या छोट्या सिलिंडरवर चालणारा, उचलून कुठेही ठेवता येणारा सुटा हीटर. दुसरा, गाडीत कायमचा बसवलेला, ज्याचा ज्वलनकक्ष बंदिस्त असतो आणि जो हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडतो.

सुटा हीटर स्वस्त असतो, त्याला बहुधा वीज लागत नाही आणि गाडीला भोक पाडावे लागत नाही. परंतु तो आपण श्वास घेतो तीच हवा जाळतो. एक किलो प्रोपेन पूर्ण जळण्यास सुमारे 3.6 किलो ऑक्सिजन लागतो आणि त्यातून सुमारे 1.6 किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे ताशी 4,000 बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) इतक्या मंद आचेवरही आठ तासांत लिटरभराहून अधिक पाणी काचांवर आणि गादीखाली साचू शकते. म्हणून छताचा झरोका आणि खालच्या बाजूची एक खिडकी, अशा दोन्ही जागा उघड्या हव्यात, आणि किती उघड्या हे त्या हीटरच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावे. उघड्या खिडकीतून ऊब जाते हे खरे, पण ती वाचवण्यासाठी खिडकी लावून घेणे जिवावर बेतू शकते. अशा अनेक हीटरांत ऑक्सिजन घटल्यावर ज्योत विझवणारी यंत्रणा असते, मात्र ती कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे अपुऱ्या ज्वलनातून निघणारा विषारी वायू, मोजत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.

बसवलेल्या हीटरमध्ये ओलावा आणि धूर दोन्ही बाहेर जातात. त्याची किंमत जास्त, पंख्यासाठी 12 व्होल्टची बॅटरी लागते आणि जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी लागते. शिवाय धुराड्याचे तोंड बर्फाने बुजलेले नाही ना, हे पाहावे लागते आणि त्याच्या जवळची खिडकी बंद ठेवावी लागते.

पर्याय कोणताही असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच; आणि प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती ओळखणारा वेगळा अलार्म जमिनीलगत हवा.

माझे मत स्पष्ट आहे : रात्रभर ऊब हवी असेल, विशेषतः सोबत मुले किंवा वृद्ध आई-वडील असतील, तर बसवलेलाच हीटर घ्यावा. सुटा हीटर संध्याकाळी जागेपणी तासभर गाडी ऊबदार करण्यापुरता योग्य आहे. झोपण्यापूर्वी तो बंद करावा आणि रात्र जाड रजईत काढावी.