ग्रीक नोटांचा अल्बम : आठ महिन्यांच्या वापरानंतर

द्राख्मा म्हणजे ग्रीसचं युरोपूर्वीचं चलन. त्याच्या नोटांसाठी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पानांचा अल्बम घेतला, त्याला आठ महिने झाले. पानाला तीन खण. आधीचा अल्बम पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचा होता. एका पावसाळ्यात पानं चिकट झाली आणि 1978ची 50 द्राख्मांची नोट कायमची तेलकट झाली. नोट स्वस्तातली, पण माझ्या संग्रहातली पहिली. फार लागलं मनाला.

नव्या अल्बमची पानं यंदाच्या पावसाळ्यातही कोरडी राहिली (सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्याच होत्या). नोट न काढता दोन्ही बाजू दिसतात, हे मला सगळ्यात आवडलं. त्याच 50च्या नोटेवर पुढे समुद्रदेव पोसायडन आणि मागे 1821च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातली वीरांगना बुबुलिना आहे, तिला झाकून कसं चालेल?

अडचण आली ती अर्ध्या नोटेची. एप्रिल 1922मध्ये आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) युद्धात ग्रीसची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा अर्थमंत्री प्रोतोपापादाकिस यांनी नोटा मधोमध कापायला लावल्या. नोटा काढणाऱ्या नॅशनल बँक ऑफ ग्रीसचे संस्थापक स्ताव्रोस यांचं चित्र असलेला डावा भाग निम्म्या किमतीला चलनात राहिला आणि मुकुटाचं चित्र असलेल्या उजव्या भागाच्या बदल्यात सरकारी कर्जरोखा मिळाला. सक्तीचं कर्जच ते! युद्ध हरल्यावर त्याच नोव्हेंबरात या मंत्र्यांना गोळ्या घातल्या गेल्या. 1926मध्ये पुन्हा कात्री चालली. माझ्याकडचा डावा तुकडा खणात सारखा घसरून दुमडायचा. शेवटी आम्लरहित कागदाची पट्टी मागे सरकवली, आता नीट बसतो.

पुढच्या पानावर 3 नोव्हेंबर 1944ची 10,000 कोटींची नोट आहे. जर्मन ताब्यातल्या काळात चलन असं कोसळलं होतं. आठच दिवसांनी, 11 नोव्हेंबरला, 5,000 कोटी जुन्या द्राख्मांची एक नवी द्राख्मा ठरली. म्हणजे ही एवढी नोट नव्या हिशेबात दोन द्राख्मांची! कितीदा तरी हे पान उघडून बसतो. आपला ‘दाम’ शब्दही द्रम्म या रूपातून याच द्राख्मेपासून आला. कोकणातल्या शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत द्रम्म या नाण्याचे उल्लेख सापडतात.

रिंगा जरा कच्च्या आहेत, चाळीस पानांच्या वर भरू नका. नवशिक्यांनी 1980-90च्या दशकांतल्या नोटांपासून सुरुवात करावी. 2002मध्ये युरो आला आणि 2012पासून त्या बदलूनही मिळत नाहीत, त्यामुळे बऱ्या स्थितीतल्याही परवडतात. घडी आणि पिनचं भोक मात्र उजेडात धरून बघा.

अर्ध्या नोटेच्या खणात उजवीकडची जागा मी मोकळीच ठेवली आहे. मुकुटाचा तुकडा अजून शोधतो आहे.