मागचे स्पीकर नाहीत, मग समोर काय लावायचं: साउंडबार, २.१ की ३.१?

म्हापसा, फोंडा, मडगावच्या फ्लॅटमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, नाहीतर त्याच्या मागे बाल्कनीचं सरकतं दार असतं. अशा हॉलमध्ये होम थिएटरचे मागचे (सराउंड) स्पीकर बसवले तर ते थेट कानाशी ओरडतात आणि पडद्यावरचं लक्ष उडवतात. ते वगळणंच शहाणपणाचं. मग समोर टीव्हीखाली एकच लांबट साउंडबार लावायचा की सुटे स्पीकर? २.१, ३.१ मधला पहिला आकडा स्पीकरांचा आणि ‘.१’ म्हणजे सबवूफर, खर्जासाठीचा वेगळा स्पीकर; ३.१ मध्ये डाव्या-उजव्यांच्या मधे संवादांसाठी ‘सेंटर’ असतो. समोर काय लावायचं ते ठरवताना मात्र खोक्यावरचे वॅट बाजूला ठेवा आणि आधी छत व बाजूच्या भिंती बघा.

साउंडबार ‘आभासी सराउंड’ देतो तो बाजूच्या भिंतींवर आवाज आपटवून. एका बाजूला भिंत आणि दुसरीकडे उघडी बाल्कनी किंवा जेवणाची जागा असेल, तर परिणाम एकाच कानाला मिळतो. अ‍ॅटमॉस म्हणजे आवाज डोक्यावरूनही येतोय असं वाटवणारी पद्धत; त्यासाठीच्या वर तोंड केलेल्या स्पीकरना आवाज आपटवायला सपाट, कडक छत लागतं. उंची ७.५ ते १२ फूट उत्तम, फार तर १४. मंगळुरी कौलांचं उतरतं छप्पर तो आवाज भलतीकडेच पाठवतं, म्हणून कौलारू घरात त्या सोयीसाठी जादा पैसे मोजू नका. स्लॅबचं छत आणि दोन्ही बाजूंना भिंती असलेली १० बाय १२ ची खोली असेल, तर चांगला साउंडबार समाधान देतो. घेताना ३.१ लिहिलेला घ्या, २.१ मध्ये संवादांसाठी वेगळा सेंटर नसतो. जोडणी टीव्हीवर ‘एआरसी’ (आर्क) किंवा ‘ईएआरसी’ (ईआर्क) लिहिलेल्या एचडीएमआय खाचेतूनच करा, कारण ऑप्टिकल केबलमधून अ‍ॅटमॉस जात नाही.

२.१ म्हणजे दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर, स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर. गाणी जास्त आणि सिनेमा कमी असेल, तर तेवढ्याच पैशांत याच्याइतका गोड आवाज दुसऱ्या कशात मिळणं कठीण. पण संवाद मधोमध ऐकू येतात ते मधल्या खुर्चीवरच. दीड-दोन फूट सरकलात की आवाज जवळच्या स्पीकरला चिकटतो, कारण आधी पोचलेल्या आवाजालाच कान दिशा मानतो. शिवाय दोन्ही स्पीकरचा आवाज प्रत्येक कानाला किंचित पुढेमागे पोचल्यामुळे २ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. व्यंजनांची स्पष्टता तिथेच असते. आणखी एक अडचण अशी की टीव्हीतून स्टिरिओ काढलं की सिनेमाच्या ५.१ (मागचे दोन धरून पाच) आवाजातला ‘.१’, म्हणजे खास खर्जाचा चॅनल, सहसा गाळला जातो. मग सबवूफर असूनही स्फोट पोकळ वाटतात.

घरात तिघे-चौघे एकत्र बसून सिनेमा बघत असतील तर सुट्या स्पीकरांचा ३.१ संच आणि तो चालवणारा रिसीव्हर (अनेक चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर) घ्या, बजेट ओढाताणीचं असलं तरी. मागच्या दोन स्पीकरचे वाचलेले पैसे सेंटरवर घाला, कारण सिनेमातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. सेंटर डाव्या-उजव्यांच्याच मालिकेतला हवा, नाहीतर पात्र पडद्यावर चालत गेलं की त्याचा आवाज बदलतो. तो कपाटात आत ढकलू नका. पुढची कड फळीच्या कडेशी आणा आणि खाली रबराची पाचर घालून तोंड कानाकडे वळवा. ९ फुटांवर बसत असाल तर डाव्या-उजव्यांत ७ ते १० फूट अंतर ठेवा.

सगळ्यात जास्त चुका रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये होतात. स्पीकर सेटअपमध्ये सराउंडसमोर ‘नन’ निवडलं की मागचे आवाज पुढच्या स्पीकरमध्ये मिसळले जातात. सराउंड चुकून चालू राहिलं, तर मागून येणारी गाडी, पाऊस, पाखरं हे सगळं नसलेल्या स्पीकरकडे जाऊन गायब होतं. टीव्हीचं ऑडिओ आउटपुट पीसीएमवर (टीव्हीनेच उलगडलेला आवाज) नको, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रूवर (मूळ आवाज जसाच्या तसा रिसीव्हरकडे) हवं. रिसीव्हरच्या माइकने खोलीतल्या आवाजाची मोजणी करताना पंखे आणि एसी बंद ठेवा. मोजणीनंतर रिसीव्हरने स्पीकर ‘लार्ज’ ठरवले असतील तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर फिरवा, नाहीतर खर्ज दोनदा गाळला जातो.

सबवूफरची जागा शोधायची जुनी युक्ती अजूनही उत्तम आहे: तो तात्पुरता सोफ्यावर ठेवा, खर्जाचं संगीत लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे खर्ज एकसारखा ऐकू येतो, तिथे तो कायमचा ठेवा. भिंतीपासून वीतभर अंतर राहू द्या, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीजवळ तर नक्कीच. कौलांवर पाऊस कोसळतो तेव्हा एकूण आवाज वाढवण्याऐवजी फक्त सेंटर २ ते ३ डेसिबलने वर घ्या.

आतल्या हलणाऱ्या शंकूभोवतीची (‘कोन’) कड रबराची असलेले स्पीकर निवडा; फोमची कड दमट हवेत काही वर्षांत भुगा होते. वायर शुद्ध तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटर. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त वायर नको. किनाऱ्याजवळ उघडं तांबं हिरवं पडतं, म्हणून चतुर्थीच्या आसपास पाऊस ओसरू लागला की सगळं बंद करून टोकं सेंटीमीटरभर कापा, नव्याने सोला आणि घट्ट बसवा. लाल-काळ्याची अदलाबदल झालेली नाही हे तेव्हाच तपासा. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर खर्ज बारीक होतो आणि मधला आवाज पसरट.