प्राग की व्हिएन्ना? आई-बाबांना सोबत नेणाऱ्यांसाठी

प्राग आणि व्हिएन्ना रेल्वेने चारेक तासांच्या अंतरावर आहेत. त्यामुळे बहुतेक टूरवाले दोन्ही शहरं एकाच सहलीत बसवतात आणि दोन्हीकडे धावाधाव होते. एकाच ठिकाणी मुक्काम ठोकून शहर निवांत बघायचंय, पण कुठलं ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. व्हिसा, विमानं, गरम कपडे हे सगळं तुम्ही पाहिलेलं असणारच. मी ही दोन्ही शहरं आई-बाबांना घेऊन फिरलो आहे. आईने सत्तरी ओलांडली आहे आणि तिचे गुडघे दुखतात. माझं मत त्यावरूनच बनलंय. तुमच्यासोबत कॉलेजातली मुलं असतील तर ते खुशाल बाजूला ठेवा.

नुसत्या देखणेपणावर निकाल लावायचा तर प्राग पुढे आहे, यात मला शंका नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिएन्नाचं ऑपेरा हाऊस बॉम्बहल्ल्यात जळालं, सेंट स्टीफन कॅथेड्रलचं छप्पर आगीत कोसळलं. प्राग त्या मानाने खूपच वाचलं. गॉथिक, बरोक, आर्ट नूव्हो अशा सगळ्या काळांतल्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या दिसतात. चार्ल्स ब्रिजची पायाभरणी १३५७ सालची, चौकातलं खगोलीय घड्याळ १४१० सालचं. किल्ल्यातल्या सेंट व्हायटस कॅथेड्रलचं काम १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये संपलं. आत गेल्यावर रंगीत काचांमधून येणारा उजेड बघून बाबा बराच वेळ एका जागी उभे राहिले होते.

तरीही माझं पारडं दुसरीकडे झुकलं, ते पायाखालच्या दगडांमुळे.

प्रागच्या जुन्या भागात फुटपाथवर मुठीएवढे चौकोनी दगड बसवलेले असतात. काळे, पांढरे, गुलाबीसर, त्यांची छान नक्षी केलेली असते. रस्त्यावर याहून मोठे, वर्षानुवर्षं चाकांखाली घासून गुळगुळीत झालेले दगड. दोन दगडांमधल्या फटीत बुटाची टाच अडकते, मध्येच एखादा दगड खचलेला असतो आणि पावसाची सर येऊन गेली की सगळं निसरडं होतं. चाकांची बॅग त्यावरून ओढायची म्हणजे हात भरून येतो. त्यात किल्ल्याच्या बाजूला चढउतार. तरण्या माणसाला हे जाणवणारही नाही. आम्ही नेरुदोवा रस्त्याने किल्ल्याकडून खाली उतरत होतो. या रस्त्यावरच्या घरांच्या दारांवर जुनी चिन्हं आहेत, कुठे दोन सूर्य, कुठे तीन व्हायोलिन. १७७० मध्ये घरांना क्रमांक मिळण्याआधी हेच त्यांचे पत्ते होते. मी आईला एकेक चिन्ह दाखवत होतो आणि ती मानच वर करत नव्हती. शेवटी म्हणाली, "अरे, तू सांग काय काय आहे ते. मी पायाकडे बघते."

माझा निर्णय तिथेच झाला म्हणा. जे शहर मान वर करून बघायचं, तिथे ती दिवसभर जमिनीकडे बघत होती.

याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी. जुन्या शहरात काही विकत न घेता बसायला जागा फार कमी सापडते. आणि मेट्रोचे सरकते जिने चांगलेच वेगात चालतात. नामेस्ती मिरू स्थानकावरचा जिना तर ८७ मीटर लांब आहे, त्यावर पाऊल टाकताना आईने माझा दंड घट्ट धरला होता. सगळ्या स्थानकांवर लिफ्ट नाही, तेव्हा निघण्यापूर्वी बघून ठेवलेलं बरं.

प्रागच करायचं ठरवलं असेल तर त्रास बराच कमी करता येतो. २२ नंबरच्या ट्रामने पोहोझेलेत्सपर्यंत वर जा आणि उताराने किल्ल्याकडे या, म्हणजे चढ वाचतो. जाड, पकड असलेल्या तळव्याचे बूट हवेतच. हॉटेल कार्लिन भागात बघा, तो सपाट आहे आणि मेट्रो-ट्राम दोन्ही हाताशी आहेत. चार्ल्स ब्रिजवर सकाळी सातच्या आत पोहोचा. दहानंतर तिथे इतकी गर्दी होते की कठड्यावरचे तीस पुतळे सोडाच, नदीसुद्धा धड दिसत नाही. पैसे बदलायची वेळ आलीच तर दर आधी विचारा. चेक कायद्यानुसार हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, पावती मात्र जपून ठेवा. तसं कार्ड जवळपास सगळीकडे चालतं.

व्हिएन्नाचा सुखावणारा सपाटपणा तिच्या इतिहासातून आलाय. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफने शहराभोवतीचा तट पाडायचा हुकूम काढला आणि त्या मोकळ्या पट्ट्यावर रिंगस्ट्रासे हा रुंद रस्ता झाला. ऑपेरा, संसद, सिटी हॉल, दोन मोठी म्युझियम्स, सगळं त्याच्या काठाने. झाडांखाली बाकडी, शेजारून ट्राम. आई दमली की आम्ही ट्राममध्ये बसायचो आणि ऐतिहासिक इमारती खिडकीतून सरकत जायच्या. मेट्रोच्या प्रत्येक स्थानकात लिफ्ट किंवा रॅम्प आहे. फोल्क्सगार्टन या बागेतल्या गुलाबांपाशी तर तिने स्वतःहून अजून थांबूया म्हटलं, हे मला प्रागमध्ये एकदाही ऐकायला मिळालं नव्हतं.

कॉफी हाऊसचा आधारही मोठा. एक मेलांज, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, मागवा, चकचकीत ट्रेमध्ये पाण्याच्या पेल्यासह येते, आणि मग कुणी उठवायला येत नाही. लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रं चाळत बाबा तासभर बसले, जर्मनचं एक अक्षर कळत नसताना. पाणीही आल्प्सच्या झऱ्यांचं, १८७३ पासून नळाने शहरात येतं. विकतच्या बाटल्यांची गरजच पडली नाही.

व्हिएन्नाच्या उण्या बाजूही सांगायला हव्यात. राहणं-खाणं प्रागपेक्षा महाग पडतं. प्रागमध्ये शहर रस्त्यावरच फुकटात भेटतं. व्हिएन्नात खरा ऐवज दाराआड आहे आणि दारावर तिकीट. शोनब्रुन राजवाडा किंवा चित्रकार क्लिम्टचं 'द किस' हे चित्र असलेला वरचा बेल्व्हेडेर महाल बघायचा तर ठरावीक वेळेचं तिकीट आधी काढलेलं चांगलं. शोनब्रुनची बाग मात्र विनामूल्य आहे, आणि आमचा तिथला वेळ महालातल्यापेक्षा जास्त सुखाचा गेला. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-ब्रेडसाठी मुख्य रेल्वे स्थानकातलं सुपरमार्केट गाठावं लागतं.

शाकाहारींची आबाळ दोन्हीकडे सारखीच म्हणायची. प्रागमध्ये तळलेलं चीज, व्हिएन्नात केझश्पेट्सले, म्हणजे चीज घातलेले पिठाचे मऊ तुकडे. दोन दिवसांनी वरणभाताची आठवण येतेच. व्हिएन्नात भारतीय जेवण आम्हाला जरा सहज मिळालं, पण तो आमच्या हॉटेलच्या आसपासचा योगही असू शकेल.

संगीताची ओढ असेल तर दोन्ही शहरं तुम्हाला खूश करतील. मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी' या ऑपेराचा पहिला प्रयोग १७८७ मध्ये प्रागच्या इस्टेट्स थिएटरात झाला आणि ते थिएटर आजही चालू आहे. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात उभ्याने ऐकायची स्वस्त तिकिटं मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे सुट्टी असते, म्हणून मे-जूनमध्ये जाणं सोयीचं.

तेव्हा सोबत वडीलधारी असतील किंवा बाबागाडी असेल, तर मी व्हिएन्ना म्हणेन. दोघंच जाणार असाल, पाय धडधाकट असतील, तर प्रागला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. व्हिएन्ना ठरलंच तर मुक्कामात एक रविवार येऊ द्या. दुकानं बंद असली तरी ७१ नंबरची ट्राम चालू असते. ती मध्यवर्ती दफनभूमीच्या दुसऱ्या फाटकाशी सोडते. तिथून थोडं आत बेथोव्हेन, शुबर्ट आणि ब्राम्स हे संगीतकार एकमेकांशेजारी विसावले आहेत, आणि तिथपर्यंतची वाट अगदी सपाट आहे.