घरातला डॅक बदलताना: चार यंत्रं, एक तंबोरा आणि मल्टिमीटर

दोन-अडीच वर्षं माझं घरचं ऐकणं ॲपलच्या यूएसबी-सी हेडफोन ॲडॅप्टरवर चाललं. ती वीतभरही नसलेली पांढरी वायर म्हणजे पूर्ण डॅकच असतो. गाण्याचे आकडे घ्यायचे, त्यांचं व्होल्टेज करायचं आणि पुढे ॲम्प्लिफायरकडे पाठवायचं, हे सगळं तिच्या टोकाशी असलेल्या इवल्याशा चिपमध्ये होतं. हजाराच्या आसपासची वस्तू, पण मोजमापात ती खरोखर स्वच्छ आहे. म्हणून कुणी "डॅक बदलू का" विचारलं की मी आधी एवढंच विचारतो: आत्ताच्या डॅकचं नेमकं काय खटकतंय? आवाज कमी पडतो? स्पीकरमधून हम येतो? खोलीत डग्गा नको तितका घुमतो? की काहीच खटकत नाही, फक्त आणखी चांगलं हवंय? या प्रत्येक उत्तराचं यंत्र वेगळं आहे, आणि एकाला तर यंत्र लागतच नाही.

आवाज कमी पडत असेल तर कारण सरळ आहे. घरच्या ॲम्पला सीडी प्लेअरच्या काळापासून साधारण २ व्होल्टची सवय आहे. हा ॲडॅप्टर जास्तीत जास्त १ व्होल्ट देतो, युरोपात विकली जाणारी आवृत्ती त्याहून कमी. म्हणजे निदान ६ डेसिबलचा फरक. काही अँड्रॉइड फोनवर तर तो पूर्ण आवाजाला जातच नाही. इथे बदल करण्याला अर्थ आहे आणि खालच्यापैकी कोणतंही यंत्र हे काम करेल.

हमची गोष्ट वेगळी. माझ्या डेस्कटॉपवरून यूएसबीने डॅक जोडला की स्पीकरमधून ५० हर्ट्झची घुमट गुणगुण यायची. संगणकाला एक अर्थिंग, ॲम्पला दुसरं, आणि मधल्या केबलमधून दोघांचं वर्तुळ पूर्ण होत होतं. कुणीतरी सुचवलं, ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाक. हे कधीही करू नका. हम जातो, पण यंत्रात बिघाड झाला तर बाहेरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहू शकतात. मी काही शे रुपयांची ऑप्टिकल केबल आणली. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे विजेचं वर्तुळ तिथेच तुटतं. ऑप्टिकलवर बहुतेक यंत्रं ९६ किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या ९६ हजार नमुन्यांपर्यंत, भरवशाने चालतात. सीडी ४४.१ वर असते, तेव्हा रोजच्या ऐकण्याला ते भरपूर झालं. ॲडॅप्टरला ऑप्टिकल इनपुट नाही, आणि मला डॅक बदलावा लागला तो खरं तर या कारणाने.

आता चार उमेदवार. टॉपिंगचा ई५०, डेनाफ्रिप्सचा एरीस, जर्मन आरएमई कंपनीचा एडीआय-२ डॅक एफएस आणि ब्रिटिश कॉर्ड कंपनीचा क्यूटेस्ट. पहिला वीस-पंचवीस हजारांतला, दुसरा पाऊण लाखाच्या आगेमागे, तिसरा लाखाच्या पुढे आणि चौथा त्याच्याही वर. किमती रुपया-डॉलरबरोबर हलतात, क्रम मात्र हाच राहतो. ई५० आणि आरएमई मी विकत घेतले. एरीस एका मित्राने पंधरा दिवस वापरायला दिला आणि क्यूटेस्ट दुसऱ्या मित्राने दर रविवारी पिशवीत घालून आणला.

चौघांच्या पोटातली पद्धत सारखी नाही. ई५० आणि आरएमई डेल्टा-सिग्मा चिपवर चालतात. व्होल्टेजच्या थोड्या पायऱ्या, पण प्रचंड वेगाने, आणि त्यातून होणारा गोंगाट कानाच्या कक्षेच्या वर ढकलून द्यायचा. एरीसमध्ये आर-टू-आर लॅडर आहे, म्हणजे प्रत्येक बिटसाठी स्वतंत्र रोध. कल्पना सुंदर आहे, करायला अवघड. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या असतात. सराफाच्या तराजूत किलोच्या वजनातली चूक गुंजेपेक्षा मोठी असेल तर गुंजेने तोलण्याला अर्थ उरत नाही. तसंच सगळ्यांत मोठ्या बिटचा रोध जरासा चुकला की सगळ्यांत लहान बिट त्या चुकीत बुडतो. म्हणून मोजमापाच्या तक्त्यात लॅडर डॅक सहसा मागे दिसतात. क्यूटेस्टमध्ये तयार डॅक चिपच नाही. कॉर्डसाठी रॉब वॉट्स यांनी एफपीजीए, म्हणजे आतली रचना हवी तशी ठरवता येणाऱ्या चिपवर, स्वतःचा फिल्टर लिहिला आहे, त्यात ४९,१५२ टॅप्स, म्हणजे फिल्टरच्या आकडेमोडीतल्या पायऱ्या, आहेत. बाजारातल्या सर्वसाधारण चिपमध्ये हा आकडा काही शेकड्यांत असतो.

हे वाचून चिपच्या नावावरून डॅक निवडावासा वाटेल. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका इथल्या, डॅक चिप बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि जगभरच्या डॅक बनवणाऱ्यांचा चिपपुरवठा तुटला. आरएमईने नंतर त्याच यंत्रात एकेएमच्या जागी ईएसएस कंपनीची चिप बसवली. यंत्राचं नाव तेच राहिलं, सोयी त्याच राहिल्या. चिपभोवतीचं सर्किट आणि सॉफ्टवेअर नीट असेल तर चिपचं नाव किती दुय्यम ठरतं, ते मला या एका घटनेतून कळलं.

क्यूटेस्टच्या पहिल्या रविवारी मात्र मी थक्क झालो होतो. ई५० बाजूला केला, क्यूटेस्ट लावला आणि गायिका दोन पावलं पुढे येऊन बसली. पैसे जमवायचं मनात पक्कंही झालं. मग मित्राच्या लक्षात आलं की क्यूटेस्टला आउटपुटची निवड असते, १, २ किंवा ३ व्होल्ट, आणि त्याने तो ३ वर ठेवला होता. ई५० साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणजे आम्ही तीन डेसिबल मोठा आवाज ऐकत होतो. एवढा फरक कानाला "मोठा" म्हणून कळत नाही, तो "मोकळा", "खुला", "जिवंत" म्हणून कळतो. दुकानातल्या डेमोत आणि घराघरांतल्या तुलनांत हेच होत असतं, आणि माणसं मनापासून, खरेपणाने चुकतात.

म्हणून पुण्याच्या तापकीर गल्लीतून व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर आणला. फार स्वस्त मीटरमध्ये एसी व्होल्टची सगळ्यांत लहान रेंज २०० असते, ती कामाची नाही. २ किंवा २० व्होल्टची रेंज असलेला घ्या. संगणकावरून १०० हर्ट्झचा सूर वाजवायचा, कारण साधे मीटर याच पट्ट्यात खरं सांगतात. मीटरची टोकं स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलला लावायची, एकमेकांना अजिबात टेकू न देता, नाहीतर ॲम्प जळू शकतो. मग दोन्ही डॅकचा आकडा सारखा करायचा. एकात २.०० आणि दुसऱ्यात २.०२ असेल तर चालेल, तो ०.१ डेसिबलच्या आतला फरक आहे. दोन डॅक ॲम्पच्या दोन इनपुटला, रिमोट लेकीच्या हातात, माझी पाठ तिच्याकडे.

आवाज असा जुळवल्यावर ई५० आणि क्यूटेस्ट मला ओळखता आले नाहीत. मित्रालाही नाही, आणि क्यूटेस्ट त्याचा होता. त्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. पण यात त्याच्या कानाचा दोष नाही. २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये मेयर आणि मोरान यांचा प्रयोग छापून आला. सीडीहून उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज मधेच सीडीच्या, म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या फेऱ्यातून काढला: एडीसीने त्याचे पुन्हा आकडे केले आणि आणखी एका डॅकने परत आवाज केला, आणि ऐकणाऱ्यांना फरक विचारला. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, जवळजवळ निम्मी. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी असे १८ प्रयोग एकत्र तपासले तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. म्हणजे काहीतरी कळतं, पण अगदी सूक्ष्म, आणि कान तयार असलेल्यांना जरा जास्त.

एरीसची कथा मात्र निराळी झाली. तो मला ओळखता आला, आणि तोही तंबोऱ्यावरून.

एरीसमध्ये एक बटण आहे: ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे मूळ नमुन्यांच्या मधले नमुने आकडेमोडीने भरणं, चालू किंवा बंद. बंद केलं की ख्यालाच्या ध्वनिमुद्रणातला तंबोरा बदलायचा. जोडाच्या तारांवर जवारीची जी बारीक झिणझिण असते तिची धार मवाळ व्हायची, खर्ज तसाच राहायचा. पाच मिनिटांत वाटायचं, काय गोड आहे हे! लेक बटण बदलायची आणि मी सांगू शकायचो. कारण शोधलं तेव्हा ते साध्या गणितात सापडलं. ओव्हरसॅम्पलिंग नसेल तर सीडीच्या ४४.१ वर वरच्या पट्टीचा आवाज हळूहळू उतरतो: १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल, २० ला तीन डेसिबलहून थोडा जास्त. ९६ किलोहर्ट्झचं ध्वनिमुद्रण लावलं की हा उतार जवळजवळ नाहीसा होतो, आणि माझ्या कानाला तो गोडवाही तिथे सापडेना. ओव्हरसॅम्पलिंग चालू ठेवल्यावर एरीससुद्धा बाकीच्यांत मिसळून गेला.

या गोडव्याला मी खोटा म्हणणार नाही. मिरजेच्या कारागिराने जवारीचा दोरा किंचित सरकवला तर तंबोरा बदलतो, आणि त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. तुम्हाला बरीच वर्षं सीडीच्या दर्जाचंच संगीत ऐकायचं असेल, झांजा आणि व्हायोलिन कानाला टोचत असतील, तर एरीस घ्या, आनंदाने घ्या. फक्त पैसे कशाचे जातायत ते माहीत असू द्या: वरच्या पट्टीचा एक हलका उतार, आणि पोलादी पेटीतलं देखणं काम. त्याला ना रिमोट, ना आवाजाची खुंटी. ट्रान्स्फॉर्मर आतच असल्यामुळे परदेशातून मागवताना तो २३० व्होल्टचा आहे ना हे आधी विचारा.

जुन्या गाण्यांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे अनेकांचा जीव तिथेच असतो. अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाईंच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर सुईची जी खरखर आहे, ती या चारही डॅकच्या गोंगाटाच्या कितीतरी पट वर आहे. ॲपलच्या ॲडॅप्टरच्याही. त्या गाण्यांसाठी डॅकवर खर्च करू नका. चांगल्या तबकडीवरून निगुतीने केलेलं डिजिटायझेशन शोधा. तिथे फरक पहिल्या आलापात कळतो.

मग मी आरएमई का घेतला? आवाजाच्या जातीसाठी नाही, कामांसाठी. माझी खोली १० बाय १२ फुटांची, खाली फरशी, भिंती उघड्या. १२ फुटांच्या अंतरात ४७ हर्ट्झच्या आसपास हवा घुमते, १० फुटांत ५६ च्या. डग्ग्यावर घिस्सा आला की त्याची शेपूट पुढच्या दोन मात्रांवर लोळायची. आरएमईमध्ये पाच पट्ट्यांचा पॅरामेट्रिक इक्वलायझर आहे, म्हणजे हवी ती कंपनसंख्या निवडून तेवढीच कमी-जास्त करता येते. मोजणीचा मायक्रोफोन आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन त्या घुमण्याचे आलेखातले दोन डोंगर शोधले आणि तेवढेच कापले. ठेका सुटा झाला. कोणत्याही डॅक-बदलाने इतका फरक मी याआधी ऐकला नव्हता, आणि हा फरक ओळखायला लेकीला रिमोट द्यावा लागला नाही.

दुसरी गोष्ट लाउडनेसची. हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. रात्री साडेदहानंतर, शेजारच्या घरात बाळ झोपलेलं असताना, बागेश्री ऐकायचा तर आवाज खालीच ठेवावा लागतो आणि खर्ज नाहीसा होतो. आरएमई आवाज उतरेल तसा खालचा आणि वरचा सूर मोजून उचलतो. त्यासाठी आवाज कमी-जास्त करणं त्याच्याकडेच सोपवावं लागतं, ॲम्पकडे नाही. शिवाय हेडफोनसाठी दोन आउटपुट आहेत. बाकी तिघांत हेडफोनची सोयच नाही.

पण इथे तुमच्या लाखभर रुपयांचा प्रश्न आहे, तर हेही सांगायला हवं. तुमचं सगळं संगीत एकाच विंडोज संगणकावरून येत असेल, तर इक्वलायझर एपीओ हे मोफत सॉफ्टवेअर तेच दोन डोंगर कापू शकतं, आणि मग ई५० पुरतो. मला टीव्ही आणि सीडी दोन्ही त्याच स्पीकरवर हवे होते, त्यामुळे दुरुस्ती डॅकमध्येच व्हायला हवी होती. ई५० ला यूएसबी, ऑप्टिकल, कोॲक्शियल असे तिन्ही इनपुट आहेत, रिमोट आहे, ५ व्होल्टवर चालतो. हम घालवायचा आणि आवाज पुरेसा हवा, एवढंच काम असेल तर माझा कौल त्यालाच.

क्यूटेस्ट कुणी घ्यावा? ज्याचा ॲम्प फक्त आरसीए, म्हणजे नेहमीची लाल-पांढरी टोकं, घेतो, ज्याला तळहाताएवढ्या पेटीतलं अभियांत्रिकीचं एक स्वतंत्र डोकं आपल्या घरी असावंसं वाटतं, आणि ज्याचे स्पीकर आधीच मनासारखे आहेत त्याने. यूएसबी इनपुट विजेपासून विलग केलेलं आहे, त्यामुळे माझ्यासारखा हम त्याने मुळातच रोखला असता. कोॲक्शियलसाठी बीएनसीचं, म्हणजे फिरवून अडकवायचं, टोक लागतं, ते बरोबरच मागवा.

माझा ई५० आता लेकीच्या खोलीत आहे. ॲपलचा ॲडॅप्टर प्रवासाच्या पिशवीत असतो, आणि एसटीत खिडकीशी बसून तोच ऐकतो.