आठ महिन्यांनंतरचा एक्स-विंग: सांध्यावर टर्पेंटाइन लावू नका

गेल्या रविवारी रात्री शोकेस पुसताना एक्स-विंगचे, म्हणजे 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या लढाऊ यानाच्या माझ्या प्लास्टिक मॉडेलचे, पंख मिटवायला गेले आणि 'टक्' असा बारीक आवाज आला. डावीकडचा खालचा पंख मुळापाशी लोंबायला लागला. आठ महिने झाले होते विमान पूर्ण होऊन. दोन महिन्यांनी लिहिलं असतं तर हा अनुभव नुसता कौतुकाचा झाला असता. बरं झालं, आळस केला.

किट कोणता ते सांगायला नको. 1/72 स्केल (मूळ आकाराच्या बहात्तराव्या भागाएवढा), जपानी, सुटे भाग गोंद न लावता दाबून बसवायचा. आपल्या मॉडेल बनवणाऱ्यांतल्या निम्म्यांची सुरुवात त्यावरूनच झालेली असते. मला सव्वातीन हजारांना पडला आणि खोकं उघडलं तेव्हा कॅनोपीच्या, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, पारदर्शक भागावर आडवा तडा होता. दुकानाला फोटो पाठवले. उत्तर आलं, खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. कुरिअरवाला दारात उभा असताना व्हिडिओ कोण काढतं? एकोणीस दिवस मेल चालल्या. शेवटी त्यांनी पुढच्या खरेदीवर दीडशे रुपये सवलत देऊ केली. मी ती घेतली नाही, घेणारही नाही. पैसे पूर्ण मोजले होते, मला माझी काच हवी होती.

पण याच किटमध्ये कॅनोपीची नुसती चौकटही येते, बिनकाचेची. आधी मला वाटलं, ही पैसे वाचवायची युक्ती. मग लक्षात आलं की चित्रीकरणातल्या छोट्या मॉडेल्सना काच नव्हतीच, कारण तिच्यात प्रतिबिंबं दिसली असती. मी चौकट लावली आणि आता काचेची आठवणही येत नाही. आतला वैमानिक स्वच्छ दिसतो, त्याच्या हेल्मेटवरचं अर्ध्या मिलिमीटरचं चिन्हसुद्धा.

जोडणीबद्दल फार लिहीत नाही. दोन संध्याकाळी पुरल्या. भाग फ्रेमवरून कापताना एकदम मुळाशी कापू नका, थोडा देठ ठेवून दुसऱ्यांदा कापा, म्हणजे पांढरा डाग उरत नाही. एवढंच.

रंगात मात्र मी हट्ट केला. पंखांवरचे पट्टे लाल असतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण 1977 च्या 'स्टार वॉर्स'मध्ये या विमानांची तुकडी मुळात निळी असायची होती. मॉडेल्सचं चित्रीकरण निळ्या पडद्यासमोर होणार (नंतर निळं ते सगळं काढून मागे दुसरं दृश्य घालतात) म्हटल्यावर निळा पट्टा पडद्यात विरघळून विमानाला भोक पडलेलं दिसलं असतं, म्हणून तुकडी लाल झाली. माझ्या टेबलामागे पडदा नाही. मी निळे पट्टे केले. एक मिलिमीटरची मास्किंग टेप लावली, टेपच्या कडेवरून आधी खालचाच राखाडी रंग मारला आणि मग निळा. हे दोनदा रंगवणं कंटाळवाणं आहे, पण टेपखाली जो काही रंग झिरपायचा तो राखाडीच झिरपतो आणि निळ्याची कड सुरीने कापल्यासारखी निघते. पाच पट्टे, चारही पंखांवर. या कामाचा मला अजून आनंद आहे.

क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर, जुलैत मारू नका. नाशिकच्या पावसाळी हवेत मॅट स्प्रे मारला की वर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर धरतो. मी ऑक्टोबरपर्यंत थांबले.

आता मूळ विषय, पॅनेल लाइन. पत्र्यांच्या जोडांच्या त्या बारीक खाचांत गडद रंग भरला नाही तर हे विमान खेळण्यासारखं दिसतं, हे माझं ठाम मत होतं आणि आहे. मूळ मॉडेल्स बनवणाऱ्यांनी रणगाड्यांच्या वगैरे किटमधले सुटे भाग चिकटवून त्यांचा पृष्ठभाग भरला होता. तो सगळा खडबडीतपणा उठून दिसतो तो मळामुळेच. हॉलिवूडचे मॉडेलकार ग्रेग जाइन यांच्या संग्रहातलं, गॅरेजमधल्या खोक्यात सापडलेलं एक मूळ मॉडेल ऑक्टोबर 2023 च्या लिलावात 31 लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. त्याचे फोटो मी मोठे करून करून पाहिले आहेत. सुंदर मळ आहे तो.

यासाठीची तयार बाटली मिळते, पण बोटभर बाटलीला पाचशे रुपये माझ्याच्याने देववले नाहीत. घरात तपकिरी आणि काळा तैलरंग होता, टर्पेंटाइन होतं. दोन्ही रंग टर्पेंटाइनमध्ये चहाइतके पातळ केले. ब्रशचं टोक खाचेला नुसतं टेकवायचं, रंग आपणहून रेघेत धावत जातो. पाहत राहावं असं दृश्य आहे. मी त्याच आनंदात पंखांच्या मुळाशी, सांध्यातसुद्धा भरपूर सोडलं.

रविवारी पंख तुटला तेव्हा पहिला राग प्लास्टिकवर निघाला. तक्रारीची मेल अर्धी लिहून झाली होती. मग पंख ज्या खुंटीवर बसतो तिचा तुटलेला तुकडा चिमट्यात धरून भिंगाखाली घेतला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग शुभ्र, ताजा. उरलेला अर्धा तपकिरी. माझाच तपकिरी. म्हणजे चीर पडली ती आठ महिन्यांपूर्वी, रंग ओला असतानाच, आणि रंग तिच्यात शिरला. रविवारी फक्त उरलेला भाग तुटला.

मेल पुसून टाकली.

वडिलांना दाखवलं. नाना ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेत, मिग-21 लढाऊ विमानं ज्या कारखान्यात बनायची तिथून. त्यांनी तुकडा उजेडात फिरवला आणि विचारलं, "याला काय लावलंस?"

"टर्पेंटाइन. नाना, रंग शाबूत आहे, तुटलंय आतून."

"तुटणारच. अगं, ही खुंटी भोकात कोंबून बसवलेली, सतत ताणात. ताणात असलेल्या प्लास्टिकला थिनर लागला की केसासारख्या चिरा पडतात. कॅनोपीला असलं काही लावायला कोणी गेला तर फोरमन हातातला बोळा काढून घ्यायचा."

विमानाच्या कॅनोपीचं ॲक्रिलिक आणि माझं सव्वातीन हजारांचं प्लास्टिक, दोघांचं दुखणं एकच. गोंदाविना बसणाऱ्या किटची जी गोष्ट मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते, ती घट्ट बसणारी खुंटीच इथे नडते. उघड्या पृष्ठभागावरून टर्पेंटाइन उडून जातं, सांध्यात ते कोंडून राहतं आणि आधीच ताणलेल्या जागी प्लास्टिक कमकुवत करतं. मग आठ महिने मी दर पाहुण्याला पंख उघडून-मिटवून दाखवत होते, त्याने ती चीर वाढत गेली. किटबद्दलचं माझं मत म्हणून पुन्हा जिथल्या तिथे आलं आहे: उत्तम आहे, घ्या.

रेघा भरायच्याच असतील तर भाग जोडण्याआधी, सुटे असताना भरा आणि पूर्ण सुकू द्या. आधी ग्लॉस क्लिअरचा थर द्या. पण खुंट्या आणि भोकं यांच्यापर्यंत क्लिअर नीट पोहोचत नाही, तिथे टर्पेंटाइन लावूच नका. सांध्याजवळ पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग वापरा, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. पाणी खाचेत धावत नाही ते पृष्ठताणामुळे, आणि साबण तो कमी करतो. तैलरंगाइतकं देखणं धावत नाही, हे खरं आहे. खुंटी फार घट्ट वाटली तर तिची एक कड ब्लेडने हलकीशी तासा.

दुरुस्ती दोन रात्री चालली. हातड्रिलने दोन्ही तोंडांना अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडलं, नानांनी त्यांच्या डब्यातून पितळी तार काढून दिली आणि ती आत घालून प्लास्टिकच्या पातळ गोंदाने सांधलं. चोवीस तास हात लावला नाही. भोकं सरळ एकासमोर एक यावीत म्हणून भिंग नाना धरून होते, त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

पंख आता उघडेच ठेवलेत. उरलेल्या तिन्ही खुंट्या काल भिंगाखाली तपासल्या. उजवीकडच्या वरच्या पंखाच्या मुळाशी एक तपकिरी केस दिसतोय.