पावतीवर फक्त ‘आलू’ लिहिलं होतं

आमची जमीन काळी, पऱ्हाटी-तुरीची. अचलपूर तालुक्यातलं गाव. नाल्याकाठचा दोन एकरांचा तुकडा मात्र हलका पोयट्याचा, पाण्याचा चांगला निचरा होणारा, विहीरही जवळ. तिथं आलू लावावा असं कितीतरी दिवस मनात होतं. परतवाड्याच्या बाजारात आलूच्या गोण्या बाहेरच्या राज्यातूनच येताना दिसतात, मग आपण का पिकवू नये, एवढा साधा हिशेब.

2023 च्या सप्टेंबरात मामेभावाच्या ओळखीचा एक माणूस घरी आला. बेणे पुरवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी असल्याचं सांगत होता. मोबाईलवर जालंधरकडच्या वावरांचे व्हिडिओ दाखवले, मुठीएवढे एकसारखे आलू. “भाऊ, एकरी 120 क्विंटल कुठंच गेले नाहीत. माल चिप्सवाले बांधावरून उचलतात, भाव आताच कागदावर घेऊ.” कुफरी पुखराजचं प्रमाणित बेणं, 3,600 रुपये क्विंटल. दोन एकरांना 20 क्विंटल, म्हणजे 72,000. वर खरेदी कराराची अनामत 10,000. सोयाबीनचे पैसे हातात यायचे होते, म्हणून सोसायटीच्या कर्जातले दिले.

पहिला इशारा तर त्याच्या त्या एका वाक्यातच होता, पण मला तो कळला नाही. पुखराज ही लवकर येणारी, भरपूर पिकणारी जात आहे, पण खाण्याची. तिच्यात कोरडा अंश कमी असतो, म्हणून चिप्सला ती चालत नाही. चिप्ससाठी चिप्सोनासारख्या जाती वेगळ्या आहेत. पुखराज लावा आणि चिप्सवाल्याला द्या, असं सांगणाऱ्याला एक तर पीक कळत नाही, नाही तर तो खोटं बोलतो.

बेणं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येणार होतं. फोन केला की “गाडी भरते आहे.” गाडी आली ती ऐन दिवाळीच्या आदल्या रात्री, नऊ वाजता. मजूर नाहीत, घरात फराळाची गडबड. त्यानं घाई लावली, “आत्ताच उतरवून घ्या, दिवाळी झाली की लगेच लावा. आणखी उशीर केला तर थंडी निघून जाईल.” चार गोण्यांना निळे टॅग होते, तेही तोंडाच्या शिवणीत न घेता सुतळीनं बांधलेले. बाकीच्यांचे टॅग प्रवासात तुटून पडले म्हणाला. हातात पावती दिली, ती मी बॅटरीच्या उजेडात फक्त रकमेपुरती वाचली.

दुसऱ्या दिवशी आईनं एक गोणी सोडली, दोन-चार आलू हातात फिरवले आणि म्हणाली, “काहून रे, याचे डोये तं उघडलेच नाहीत. अन् लाल कुठला, पांढरा कुठला, सारा मिसळून काला झाला.” मी तिला प्रतिनिधीचंच वाक्य ऐकवलं, की कोल्ड स्टोरेजचा माल आहे, मातीत गेला की फुटेल. तिचं ऐकलं असतं तर निदान लावणीचा खर्च वाचला असता. आज हे लिहिताना सगळ्यात जास्त तेच सलतं.

लावणीनंतर पंचवीस दिवसांनी सरीत तिसरा हिस्साही झाडं नव्हती. उकरून पाहिलं तर बरेच आलू टाकले तसेच टणक, डोळे मिटलेले, आणि काही सडून गेलेले. जी झाडं उभी होती त्यांतल्या पुष्कळांची पानं वरच्या बाजूला वळून द्रोणासारखी, कडक झालेली. कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेबांनी येऊन पाहिलं. बेण्याचा आलू 2 ते 4 अंशांच्या थंडीत ठेवतात. चिप्सचा आलू इतक्या थंडीत ठेवला तर त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर काप काळे पडतात, म्हणून तो 10 ते 12 अंशांवर ठेवतात आणि कोंब फुटू नयेत म्हणून त्यावर औषधाचा धूर देतात. असा औषध मारलेला माल बेण्यात मिसळला असावा, असा त्यांचा अंदाज होता. पानं वळणं हा विषाणू. तो मावा या किडीमुळे पसरतो आणि बेण्यातूनच पुढच्या पिकात येतो. मग खत टाका, भर द्या, झाड पोसत नाही. दोन एकरांत सगळा मिळून 26 क्विंटल निघाला, बराचसा गोटीएवढा.

तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे उभं पीक असतानाच तक्रार दिली, पाहणी झाली, पंचनामाही झाला. आणि मग ती पावती पुढे आली. तिच्यावर जातीचं नाव नव्हतं, लॉट नंबर नव्हता, परवाना क्रमांक नव्हता. ‘आलू, 20 क्विंटल’ एवढंच. विकणाऱ्यानं सरळ सांगितलं, “मी खायचा आलू विकला. यांनी तो वावरात लावला, त्याला मी काय करू?” अनामतीच्या कागदावरच्या कंपनीच्या पत्त्यावर गेलो, तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं.

मला थोडा आधार मिळाला तो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्याच्याच संदेशांचा. त्यांत “सर्टिफाईड बेणे” असं त्यानं तीनदा लिहिलं होतं. ते जपून ठेवले होते, त्या जोरावर ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये सांगितलेलं आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

यंदा कोणी आलू लावणार असाल तर गाडी उतरवण्याआधी पावती वाचा. ‘बियाणे’ हा शब्द, जात, लॉट नंबर आणि विकणाऱ्याचा परवाना क्रमांक तिच्यावर पाहिजे. 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे परवान्याशिवाय बियाणं विकताच येत नाही. प्रमाणित बेण्याचा टॅग निळा, पायाभूत म्हणजे ज्यापासून प्रमाणित बेणं तयार करतात त्याचा पांढरा, आणि तो प्रत्येक गोणीच्या शिवणीत पाहिजे. माल लावणीच्या किमान पंधरा दिवस आधी मागा. शीतगृहातून काढलेलं बेणं सावलीत, मंद उजेडात पसरून ठेवलं की आखूड, जाड, हिरवट कोंब येतात. तसे आले तरच सरीत टाका. वेगवेगळ्या गोण्यांतून वीस-वीस आलू काढून पडवीत ठेवले तरी फसवा माल उघडा पडतो. माझ्याकडून त्या माणसानं हिरावून घेतले ते हेच पंधरा दिवस.

एक गोणी, चारही टॅग आणि ती पावती मी घरात जपून ठेवली आहे. तो माणूस आता शेजारच्या तालुक्यात फिरतो असं ऐकतो, तोच मोबाईल आणि तेच व्हिडिओ घेऊन. कोणाच्या दारात आला, तर आधी त्याला पावतीवर ‘बियाणे’ लिहून द्यायला सांगा.