आरटीएक्स ३०६० नागपुरात : हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंतचा अनुभव आणि मी ठेवलेली सेटिंग

आरटीएक्स ३०६० हे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड घेतलं तेव्हा थंडी होती आणि आता मे उलटून गेलाय, म्हणून आता लिहितोय. नागपुरात राहणाऱ्या माणसाने डिसेंबरमध्ये ग्राफिक्स कार्डाचा रिव्ह्यू लिहिण्यात काही अर्थ नाही, कारण थंडीत सगळीच कार्डं चांगली वाटतात. खरी परीक्षा दुपारी दोन वाजता बाहेर ४५ असताना आणि खोलीत डेझर्ट कूलर चालू असताना होते.

आधी सिस्टीम सांगतो म्हणजे तुलना करता येईल. रायझन ५ ५६००, १६ जीबी डीडीआर४ रॅम ३२०० वर, बी५५० बोर्ड, ५५० वॅटचा ब्राँझ पॉवर सप्लाय, १०८०पी १४४ हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर. कार्ड १२ जीबीवालं आरटीएक्स ३०६०, दोन फॅनचं. २०२१ मधलं कार्ड आहे, आता जुनं झालं हे मान्य, पण १०८०पी साठी अजूनही भरपूर आहे आणि त्या १२ जीबीचा फायदा मला रोज दिसतो. टेक्श्चर अल्ट्रावर ठेवायला विचार करावा लागत नाही. टेक्श्चरचा, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांचा, भार मुख्यतः व्हीरॅमवर (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीवर) येतो, व्हीरॅम पुरत असेल तर एफपीएसला (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमना) फारसा फरक पडत नाही, तरी लोक एफपीएस कमी झाले की सगळ्यात आधी टेक्श्चरच खाली आणतात आणि मग गेम मातकट दिसतो म्हणून कार्डाला नावं ठेवतात.

आता मुद्द्याचं. इतके महिने वापरून माझं पक्कं मत झालंय की स्मूथ गेमिंग म्हणजे जास्त एफपीएस नाही, सारखे एफपीएस. कोपऱ्यात ९० लिहून येतं पण हाताला गेम अडखळतो, हा अनुभव बहुतेकांना असेल. त्याचं कारण फ्रेम टाइम. ९० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण ११ मिलिसेकंद, पण मधेच एखादी फ्रेम ४० मिलिसेकंद घेऊन गेली तर सरासरीत ती दिसत पण नाही आणि डोळ्याला मात्र लगेच झटका बसतो. म्हणून एमएसआय आफ्टरबर्नर (कार्डाची सेटिंग बघायचं-बदलायचं सॉफ्टवेअर) टाकलं की त्याच्यासोबत येणारं रिवाट्यूनर पण टाका आणि स्क्रीनवर एफपीएसच्या आकड्यापेक्षा फ्रेम टाइमचा ग्राफ लावा. रेघ सपाट असेल तर ६० सुद्धा लोण्यासारखं वाटतं, आणि रेघेला काटे असतील तर १२० पण सहन होत नाही.

माझ्याकडे सुरुवातीला, म्हणजे सगळं डिफॉल्ट असताना, सायबरपंक २०७७ या गेममध्ये गर्दीच्या बाजारात शिरलं की काटे यायचे. थंडीत कमी, फेब्रुवारीच्या शेवटी ऊन वाढायला लागलं तसे जास्त. एनव्हिडियाची कार्डं तापमान वाढलं की क्लॉक (चिपचा वेग) स्वतःहून थोडाथोडा, १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली आणतात, आणि १७० वॅटची पॉवर लिमिट गाठली की क्लॉक वरखाली नाचायला लागतो. मार्चमध्ये खेळताना मी आफ्टरबर्नरचा ग्राफ बघत बसलो होतो, क्लॉक १९०० च्या आसपास जायचा, परत १८४० ला यायचा, परत वर, आणि फॅन त्याच्या मागे मागे कमीजास्त. कोअर (मुख्य चिप) ८२-८३ डिग्री. कार्ड खराब नव्हतं, त्याची लिमिट ९३ आहे, पण असं सतत नाचणारं मशीन शांत कसं चालेल?

इथे अंडरव्होल्टिंग, म्हणजे कार्ड कमी व्होल्टेजवर चालवणं, कामी आलं, आणि या सगळ्या लिखाणातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. आफ्टरबर्नर उघडा, कंट्रोल धरून एफ दाबा, व्होल्टेज आणि क्लॉकचा कर्व्ह उघडतो. खाली व्होल्टेज आणि उभ्यात मेगाहर्ट्झ. कारखान्यातून कार्ड येतं तेव्हा सगळ्यात वाईट चिपसुद्धा चालावी एवढं व्होल्टेज दिलेलं असतं, त्यामुळे बहुतेक कार्डांना तेवढी गरज नसते. मी काय केलं तर आधी मुख्य स्क्रीनवर कोअर क्लॉक उणे २०० करून अप्लाय केलं म्हणजे सगळा कर्व्ह खाली आला, मग ८७५ मिलीव्होल्टचा ठिपका माउसने पकडून १८०० वर उचलला आणि परत अप्लाय. त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके आपोआप एका रेषेत सपाट होतात. म्हणजे कार्डाला सांगितलं की बाबा ८७५ च्या वर व्होल्टेज घ्यायचंच नाही, १८०० वर आरामात चाल.

फरक ऐका. १६८-१७० वॅटवरून १२५-१३० वर आलं. कोअर ७०-७१ च्या आसपास, तेही एप्रिलमध्ये. एफपीएस किती गेले म्हणाल तर सायबरपंकमध्ये दोन-तीन, आणि ते मला ग्राफ बघितल्याशिवाय कळत नाहीत. पण रेघ सपाट झाली. आणि आवाज! माझा लहान भाऊ त्याच खोलीत अभ्यास करतो, त्याने पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "दादा, आज फॅन बंद आहे का?" फॅन चालूच होता, फक्त ऐकू येत नव्हता.

एक लक्षात ठेवा, माझे आकडे तुमच्या कार्डाला लागतीलच असं नाही, एकाच मॉडेलच्या दोन चिप सारख्या नसतात. ९०० मिलीव्होल्टपासून सुरू करा आणि हळूहळू खाली या. प्रत्येक पायरीला निदान दोन-तीन संध्याकाळी नीट खेळा, नुसत्या बेंचमार्कवर विश्वास ठेवू नका. आणि रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या-प्रतिबिंबं काढणारी जड सेटिंग) चालू करून तपासाच, कारण साध्या गेममध्ये तासन्‌तास टिकणारा अंडरव्होल्ट रे ट्रेसिंगमध्ये पाच मिनिटांत पडतो. स्क्रीन सेकंदभर काळी होऊन परत येणं किंवा गेम काही न सांगता बंद होणं, ही खूण. तसं झालं तर घाबरू नका, २५ मिलीव्होल्ट वाढवा. व्होल्टेज कमी केल्याने कार्ड जळत नाही, जास्तीत जास्त गेम बंद पडतो, ड्रायव्हर रीसेट होतो किंवा पीसी अडकतो. जमलं की प्रोफाइल सेव्ह करा आणि विंडोज सुरू होताना अप्लाय व्हायचं बटण दाबून ठेवा, नाहीतर रीस्टार्टनंतर सगळं मूळपदावर. अजून एक, तापमानाप्रमाणे कर्व्ह थोडा सरकतो, त्यामुळे डिसेंबरमध्ये १८१५ दिसणारा क्लॉक मे महिन्यात १७८५ दिसला तर काही बिघडलेलं नाही.

दुसरी गोष्ट फ्रेम कॅप, म्हणजे एफपीएसवर वरची मर्यादा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असताना कार्डाला २०० फ्रेम काढायला लावून काय मिळतं? जास्त उष्णता आणि जास्त वीज. माझा मॉनिटर जी-सिंक कंपॅटिबल आहे, म्हणजे कार्डाच्या फ्रेमप्रमाणे स्वतःचा रिफ्रेश रेट बदलतो, तर मी एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये जी-सिंक चालू, तिथेच व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या रिफ्रेशशी जुळवणारी सेटिंग) चालू, गेमच्या आत व्ही-सिंक बंद, आणि कॅप १४१. तीन कमी यासाठी की फ्रेम रेट कायम जी-सिंकच्या रेंजमध्ये राहावा आणि व्ही-सिंकचा लॅग (माउस हलवल्यापासून स्क्रीनवर दिसेपर्यंतचा उशीर) अंगाला लागू नये. ज्या गेममध्ये रिफ्लेक्स (एनव्हिडियाची लॅग कमी करायची सोय) चालू असतं तिथे ते स्वतःच १३८ ला थांबवतं, तिथे वेगळा कॅप लावायची गरज नाही. जड गेमला मात्र गेमप्रमाणे कॅप ठेवा, सायबरपंकला मी ७० ठेवलाय कारण गर्दीतही तेवढे मिळतात. सारखे वरखाली होणाऱ्या एफपीएसपेक्षा सतत ७० कितीतरी बरं वाटतं, एक आठवडा करून बघा. गेममध्ये कॅपचा पर्याय असेल तर तोच वापरा, लॅग सगळ्यात कमी त्यात असतो, नसेल तर ड्रायव्हरचा.

या दोन गोष्टींचा एक फायदा असाही झाला जो मी धरला नव्हता. उन्हाळ्यात दुपारी आमच्याकडे लाइट जाते, यूपीएस ६०० व्हीएचा आहे म्हणजे साधारण ३६० वॅट. आधी गेम चालू असताना लाइट गेली की तो लगेच कोकलायचा आणि सेव्ह करेपर्यंत धाकधूक. आता लोड एवढा कमी झालाय की गेम सेव्ह करून नीट शटडाउन करायला पुरेसा वेळ मिळतो.

गेममधल्या सेटिंगबद्दल थोडक्यात. नुसतं अल्ट्रा किंवा मीडियम प्रीसेट निवडून मोकळं होऊ नका. सायबरपंकमध्ये स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन (पाण्या-काचेतली प्रतिबिंबं) सायको या सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवणं म्हणजे एफपीएस फुकट घालवणं, हायवर आणा, फरक शोधावा लागेल. व्हॉल्युमेट्रिक फॉग आणि क्लाउड मीडियम. क्राउड डेन्सिटी हा प्रोसेसरचा भार आहे, कार्डाचा नाही. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये एमएसएए (वस्तूंच्या कडा गुळगुळीत करणारी जड सेटिंग) पूर्ण बंद, वॉटर फिजिक्स निम्म्यावर, पण टेक्श्चर अल्ट्राच, त्या गेममध्ये अल्ट्राच्या खाली टेक्श्चर फार वाईट दिसतात. ॲनिसोट्रॉपिक (तिरक्या पृष्ठभागांवरचं टेक्श्चर स्पष्ट ठेवणारी सेटिंग) १६एक्स सगळीकडे, त्याला जवळजवळ काही लागत नाही. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर फ्रेम काढून एआयने मोठी करायची एनव्हिडियाची सोय) १०८०पी वर फक्त क्वालिटी, त्यात आतून ७२०पी रेंडर होतं, त्याहून खाली गेलं की लांबच्या तारा, जाळ्या, झाडं तुटक दिसतात. जानेवारी २०२५ मध्ये डीएलएसएस ४ सोबत जे नवीन ट्रान्सफॉर्मर मॉडेल आलं ते आपल्या ३०६० वर पण चालतं, थोडं जड आहे पण चित्र स्पष्ट दिसतं, माझ्या मते घेण्यासारखं. फ्रेम जनरेशन (दोन खऱ्या फ्रेमच्या मधे बनवलेली फ्रेम घालणं) मात्र डीएलएसएसचं ४० सिरीजपासूनच आहे, आपल्याला एएमडीच्या एफएसआर ३ चं वापरावं लागतं, आणि मुळातले एफपीएस ६० च्या जवळ नसतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका, हात जड वाटतो.

कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅशे (शेडर, म्हणजे ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम, साठवायची जागा) १० जीबी करा, बाकीचे पंचवीस पर्याय आहेत त्यांना हात लावला नाही तरी चालेल. अनरियल इंजिनच्या काही गेममध्ये नवीन जागी गेलं की पहिल्यांदा झटका बसतो, तो शेडर कंपाइल होण्याचा असतो, तो कोणत्याही सेटिंगने पूर्ण जात नाही आणि त्यासाठी कार्ड बदलण्याचा तर विचारही करू नका. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) आणि रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू आहे का बघा, रॅमच्या दोन स्टिक असू द्या. आणि विंडोजमध्ये रिफ्रेश रेट खरंच १४४ वर आहे का तेही बघा, कितीतरी लोकांचे मॉनिटर अजून ६० वर चालतायत.

उन्हाळ्याचं अजून एक. डेझर्ट कूलरची हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. त्या हवेत ओल असते, धूळ जाळीवर चिकटून थर बनतो आणि तो ब्लोअरने पण निघत नाही. मी कॅबिनेट कूलरच्या आडव्या बाजूला सरकवलंय आणि पुढची जाळी दर महिन्याला धुऊन पूर्ण वाळवून लावतो. कार्डाचे फॅन ब्लोअरने साफ करताना बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

नवीन ड्रायव्हरसाठी मी आता घाई करत नाही. आहे ते नीट चालतंय आणि नवीन गेम घ्यायचा नाहीये तर जुनाच ठेवतो, घ्यायचा असेल तर अपडेट करून पहिली संध्याकाळ अंडरव्होल्टचं प्रोफाइल रे ट्रेसिंगमध्ये परत तपासतो. सध्या कर्व्ह ८७५ वर १८०० आहे, पावसाळ्यात खोली थंड झाली की ८६२ वर जमतं का ते बघणार आहे.